औंदाची माय

पहाटेची नांदेड गाडी लातूरच्या स्टँडातून बाहेर पडली की अहमदपूर येईपर्यंत मी धड झोपेत नसते आणि धड जागीही नसते. खिडकीची काच कपाळाला गार लागते, पुढच्या सीटवरची म्हातारी खोकत असते, बाहेर हरभऱ्याच्या रानावर धुकं बसलेलं असतं. मला वाटत राहतं की मी उदगीरची सात-आठ वर्षांची पोरगी आहे आणि बिदरला आत्याकडं निघाले आहे. मग लोहा येतं, चहाचा वास येतो आणि मी पुन्हा पन्नाशी ओलांडलेली, गुडघे धरून उठणारी बाई होते. विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी दिसलं की केस सारखे करायचे आणि कामाच्या तयारीला लागायचं.

काम म्हणजे मूल्यमापन. हा शब्द आमच्या ह्यांच्या तोंडात कधी बसला नाही. लातूरच्या मोंढ्यात त्यांचं भुसाराचं दुकान, त्यामुळं मी बॅग भरायला लागले की ते जेवता जेवता विचारायचे, "निघाली का मापाडी?" म्हणा खुशाल. शाळेतली नोकरी संपल्यावर घरात बसून भिंती बघण्यापेक्षा मापाडी झालेलं बरं, असं मी त्यांना ऐकवायची आणि आणखी एक भाकरी वाढायची.

धर्माबादच्या पुढं, तेलंगणाच्या शिवेला लागून जी गावं आहेत, तिथली कितीतरी घरं दिवाळी झाली की कुलूप लावून पलीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. पोरं बरोबर जातात. अर्धं वर्ष तिकडं, अर्धं इकडं. शाळेत नाव एका ठिकाणी आणि पोर भलतीकडंच. नांदेडच्या एका संस्थेनं अशाच एका गावात, शाळेच्या मोकळ्या खोलीत, वर्ग सुरू केला होता. आईबाप भट्टीवर गेले तरी जी मुलं गावात राहतील त्यांच्यासाठी हा वर्ग, घरी शिधा, आणि गावातली शाळा पाचवीलाच संपते म्हणून पाचवी झालेल्यांना जूनपासून नांदेडच्या निवासी शाळेत जागा. मी अधूनमधून जायचं, मुलांना वाचायला लावायचं, घरच्यांशी बोलायचं आणि या सगळ्याचा उपयोग होतोय का ते संस्थेला सांगायचं.

विचारायचे प्रश्न मला आयते दिलेले होते. ते कुठल्याशा दूरदेशीच्या माणसांनी, एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या मुलांसाठी तयार केलेले. संस्थेतल्या आमच्या साहेबांनी ते मराठीत करून घेतले, पण 'देश' तसाच राहिला. "गेल्या वर्षी तू कोणत्या देशात शिकत होतास?" असं मी पहिल्या पोराला विचारलं तेव्हा त्यानं शेजारच्याकडं पाहिलं, शेजारच्यानं माझ्याकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "भट्टीवर." मी तेच लिहिलं. साहेबांचा फोन आला, "मॅडम, भट्टी हा कोणता देश?" मी म्हटलं, "या एकदा, दाखवते."

पण खरं सांगू का, तो प्रश्न वाटतो तेवढा येडा नव्हता. पोरांच्या लेखी तो देशच होता. तिकडं अक्षरं गोल, इकडची डोक्यावर रेघ ओढलेली. तिकडं रोज भात आणि चिंचेचं सार, इकडं भाकर. तिकडं रात्रभर विस्तव दिसतो, इकडं अंधार पडला की पडला. मलाही ते ठाऊक होतं. आमच्या घरात कानडी, उदगीरच्या शाळेत मराठी, आणि मध्येच एक वर्ष बिदरला आत्याकडं राहून पुन्हा कानडी शाळा. त्या वर्षी मी झोपेत मराठीत बडबडायची आणि आत्या सकाळी विचारायची, रात्री कुणाशी भांडत होतीस ग? उदगीरला परतले तर झोपेत कानडी. जिथं असायची तिथली मी दिवसाच असायची.

म्हणून मी एक प्रश्न पदरचा घातला. सगळं विचारून झालं की हळूच विचारायचं, तुला स्वप्नं कुठली पडतात? वर्गात एकदम चिवचिवाट. एक म्हणाला, "भट्टीवर झोपलो की गावचं पडतंय, गावात झोपलो की भट्टीचं." एकीच्या भट्टीवरच्या झोपडीला लागून रूळ होते. ती म्हणाली, "तिथं आगगाडी घराच्या बाजूनं जाती, स्वप्नात घरातून जाती. मंग आमी पाय वर घेऊन बसतो." कितीतरी वेळ आम्ही नुसतं हेच बोलत बसलो. खिडकीतून मार्गशीर्षातलं ऊन येत होतं, एकेक पोर तिथंच सतरंजीवर कलंडत होतं, आणि वर्ग घेणाऱ्या ताई, धर्माबादहून रोज ये-जा करणारी तिशीतली बाई, मला खुणेनं सांगत होत्या की झोपू द्या, जेवण झालंय त्यांचं.

त्या ढिगात एकच पोर टक्क जागं होतं. पाचवीतली मुलगी, दोन घट्ट वेण्या, गुडघ्यावर हनुवटी. मराठी घडाघडा वाचत होती आणि तेलुगूही. तिनं मलाच विचारलं, "बाई, तुमाला कोणतं पडतंय?" मी म्हटलं, "मला अजून शाळेचं पडतं, पेपर कोरा राहिल्याचं." तिला ते पटलं. मग तिनं आपलं सांगितलं. एकदा बापाबरोबर ती नांदेड स्टेशनात उतरली होती, तेव्हा फलाटावरून एका रंगाच्या कपड्यातल्या, पाण्याच्या बाटल्या लटकवलेल्या मुलींची रांग गेली. ती रांग तिच्या स्वप्नात यायची आणि कधी संपायचीच नाही. "म्या बी जानार हाय सहावीला नांदेडला," ती म्हणाली. मला ती पोरगी आवडली. आवडली म्हणजे घरी न्यावीशी वाटली, इतकी.

आता या गावात पोरं मागं राहायची कशी, ते सांगायला पाहिजे. साहेबांना वाटायचं, आजी-आजोबा सांभाळत असतील. कुठले आजी-आजोबा? म्हातारी माणसंही भट्टीवर जातात, चहा करायला, तान्ही पोरं धरायला. शेतीत जशी सावड असते, आज तुमचे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुमच्या, तशी त्या वस्तीतल्या बायकांनी पोरांची सावड धरली होती. दिवाळीच्या पाडव्याला सगळ्या एका ओट्यावर बसायच्या आणि औंदा कुणाची बारी ते ठरायचं. बारी ज्या घरावर येईल तिथली बाई मागं राहायची, वस्तीतली सगळी पोरं तिच्या घरात झोपायची, तिच्या हातचं खायची. तिच्या वाट्याच्या विटा बाकीच्या बायका थापायच्या. पुढच्या वर्षी दुसरं घर. पोरं त्या बाईला सरळ माय म्हणायची. तुझी माय कोणती म्हणून विचारलं तर पोर उलट विचारायचं, "माजी का औंदाची?"

त्या वर्षीची औंदाची माय म्हणजे या वेण्यावाल्या पोरीची आई. उंच, सडसडीत, आवाज असा की वस्तीच्या या टोकाला बोलली की त्या टोकाचं कुत्रं उठावं. डझनभर पोरांची अंघोळ ती एका दमात आवरायची. एकाला घास भरवत दुसऱ्याचं नाक पुसायची आणि तिसऱ्याला शिव्या घालायची, तीही प्रेमानं. मला म्हणाली, "बाई, बसा, ह्ये वानराचं दुकान आवरते अन् येते." बसले. चुलीचा धूर, पोरांचा गलका, अंगणात वाळत टाकलेल्या लाल मिरच्यांचा ठसका, आणि त्यात मला चक्क डुलकी लागली. जाग आली तर अंगावर कुणीतरी गोधडी टाकलेली होती.

पौषात दुसऱ्यांदा गेले तेव्हा ताई दारातच भेटल्या. तोंड उतरलेलं. म्हणाल्या, "मॅडम, त्या पोरीचं नाव नांदेडहून परत आलं." मी विचारलं, "का?" तर नियम असा होता की मुलाचे आई आणि वडील दोघंही बाहेरगावी गेलेले पाहिजेत. बाकीच्या पोरांचे गेले होते. हिचा बाप गेला होता, आई घरी होती. आधीच्या वर्षी हा पेच आला नव्हता, कारण त्या वर्षीच्या माईचं मूल अजून अंगणवाडीत होतं. आता पहिल्यांदाच बारी अशा घरावर आली होती जिथली पोरगी पाचवीला होती. ताईंनी तिला वर्गात बसू दिलं होतं, त्याला कुणाची ना नव्हती. पण नाव घेतलं नाही म्हणजे जूनला नांदेडची जागा नाही. आणि जागा नाही म्हणजे शाळा संपली, दिवाळीनंतर आईबरोबर भट्टी.

माझं पित्त खवळलं. शाळेमागच्या लिंबाखाली उभं राहून मी साहेबांना फोन लावला. साहेब वाईट नव्हते हो, पोरगेलेसे होते, नीट बोलायचे. म्हणाले, "मॅडम, तिची आई तर घरीच आहे. मग ती स्थलांतरित कशी?"

"अहो, आई घरी आहे म्हणून तर बाकीची डझनभर पोरं गावात आहेत. तुमच्या वर्गात जी पोरं दिसतायत ना, ती त्या बाईच्या चुलीवर जेवून येतायत."

"ते मला समजतं. पण नियम एकासाठी मोडला की..."

"मोडू नका. वाकवा. जी सगळ्यांची पोरं राखते तिचीच पोर तुम्ही बाहेर काढणार? हे मी कोणत्या तोंडानं तिला सांगू?"

ते म्हणाले, वर मांडतो. मला हे वर मांडणं चांगलं माहीत आहे. वर मांडलेलं लोणच्यासारखं मुरत राहतं.

औंदाची माय माझ्यामागं येऊन उभी होती, कडेवर कुणाचं तरी पोर. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं शांतपणे विचारलं, "म्हंजी बाई, म्या भट्टीवर गेले की पोरगी तुमच्या हिशेबात बसती?"

"तसं काही करू नका," मी म्हटलं. "मी बोलून राहिले ना त्यांच्याशी. थोडं थांबा."

"किती थांबू?"

कडेवरच्या पोराचं टोपडं सारखं करत ती वस्तीकडं निघून गेली.

त्या दिवशी मी मुक्कामाला ताईंच्या घरी धर्माबादला जाणार होते, म्हणून दिवेलागणीपर्यंत वस्तीवरच रेंगाळले. रोज त्या वेळेला भट्टीवरून फोन यायचा. कणगीला टेकवून मोबाइल ठेवलेला, त्याच्यासमोर पोरांची रांग. पडद्यात पिवळ्या उजेडातले धुळीनं माखलेले चेहरे, एकेक करून पुढं येणारे. कुणी नुसतंच हसायचं, कुणी विचारायचं, जेवलास का. एका एवढ्याशा पोरानं आपल्या हातातला बत्तासा पडद्याला लावला आणि पलीकडच्या बाईनं तोंड उघडून खाल्ल्यासारखं केलं. बाहेर संधिप्रकाश, आत तो लहानसा उजेड, आणि मला कळेना की यातलं खरं घर कोणतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं असं मी ताईंना सांगितलं आणि त्यांनी ते मान्य केल्यासारखं दाखवलं.

लातूरला परतल्यावर मी साहेबांचं डोकं खाल्लं. सकाळी फोन, दुपारी फोन. आमचे हे म्हणाले, "त्या माणसाला जेवू तरी दे." मी म्हटलं, "जेवू दे की. मग बोलेल." माघ सरत आला. महाशिवरात्रीला देवळात दर्शनाच्या रांगेत उभी असतानाही मी त्या पोरीचाच विचार करत होते, देवाला म्हटलं, तू तरी वर मांड. आणि शिवरात्र होऊन थोडे दिवस गेल्यावर साहेबांचाच फोन आला. म्हणाले, "मॅडम, मंजूर झालं. जी आई मुलं सांभाळायला मागं राहते तिचं मूल स्थलांतरितच धरायचं. तुमच्या शब्दावर केलंय."

जीव भांड्यात पडला. मी लगेच ताईंना फोन लावला. वाटलं होतं, आनंदानं ओरडतील. त्या इतकंच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही या. फोनवर नको."

फाल्गुनातली दुपार. नांदेडच्या पुढं रुळाच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता, कुठंतरी हळद शिजत होती, तिचा वास डब्यात येत होता. गाडी रेंगाळत चाललेली. मी खिडकीशी पेंगत होते आणि पेंगताना मला ती मुलींची रांग दिसत होती, बाटल्या लटकवलेली, आणि शेवटी वेण्यावाली. धर्माबादला उतरून जीपनं गावात पोचले तर वर्ग भरलेला होता. पोरं कविता म्हणत होती. ती नव्हती. ताई म्हणाल्या, "वस्तीवर चला."

औंदाच्या माईच्या घरात, चुलीपुढं, ती पोरगी भाकरी थापत होती. हात केवढेसे, भाकरी त्याहून मोठी. फ्रॉकवर आईची जुनी ओढणी कमरेला गुंडाळलेली. आजूबाजूला वर्गाच्या वयाची नसलेली बारकी पोरं. त्यातलं एक तिच्या पाठीला चिकटून म्हणालं, "माय, पानी." तिनं न बघता तांब्या मागं केला. मला आधी हसूच आलं. पोरांचा खेळ चाललाय असं वाटलं.

"माय कुठंय ग तुझी?" मी विचारलं.

"भट्टीवर गेली."

ताईंनी सांगितलं मग. नांदेडची नावं शिवरात्रीच्या आठवड्यापर्यंतच घेणार असं कुठून तरी गावात कळलं होतं. तोवर माझा काही निरोप नव्हता. ती बाई शिवरात्रीचा उपास सोडून दुसऱ्या दिवशी गाडीत बसली, आता पोरीचे आईबाप दोघं बाहेर, आता कुणी ना म्हणणार नाही म्हणून. आणि खरंच कुणी ना म्हटलं नव्हतं. पोरीचं नाव त्याच आठवड्यात घेतलं गेलं होतं. ताईंनी रोज सांगून पाहिलं होतं, पोरगी सकाळी हजेरीला यायची आणि दूध उतू जाईल म्हणून पळायची. माईला सांगते म्हटलं की ताईंचे पाय धरायची. मोबाइल माईबरोबर गेला होता, त्यामुळं दिवेलागणीचा फोनही बंद होता.

मी तिच्यासमोर बसले. "अगं, बारी तुझ्या आईची होती. ती गेली तर दुसऱ्या कुणाला बोलवायचं होतं की."

तिनं माझ्याकडं पाहिलं, समजूत घालायच्या सुरात म्हणाली, "बारी घराची असती बाई. मानसाची न्हाई. माय गेली तरी घर हाय की."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हेच मला लागलं. वस्तीची रीतच तशी होती, सासू पडली तर सून बारी करायची, सून बाळंत झाली तर जाऊ करायची, घरानं शब्द दिलेला. तिच्या घरात आता तीच उरली होती. आईनंही हे धरलं असेल, पण दुपारी शाळा सुटल्यावर पोरगी जमेल तेवढं करील, शेजारच्या वस्तीतली एखादी म्हातारी लक्ष देईल, असं काहीतरी मनाशी समजून. वस्तीत उरलेला एकमेव म्हातारा ओट्यावर बसून होता आणि त्यालाही भाकर ही पोरगीच द्यायची.

मी ताईंचा मोबाइल घेतला आणि भट्टीवर लावला. पडद्यात आई आली. डोक्याला फडकं, भुवयांवर धूळ, मागं विटांच्या ओळी. मी बोलायच्या आधीच तिनं विचारलं, "बाई, नाव आलं का?"

"आलं."

"अन् पोरगी? बसती का वर्गात?"

पोरगी माझ्या खांद्यावरून वाकली. पिठानं भरलेले हात तिनं पाठीमागं नेले, ते मला दिसलं, आईला दिसणार नव्हतं. चेहरा एकदम हसरा केला. "हाव माय," ती म्हणाली, "रोज बसून राहिले."

आई हसली. मी पोरीला बाजूला केलं, मोबाइल चुलीकडं, काटवटीकडं, त्या बारक्या पोरांकडं फिरवला आणि सगळं सांगितलं. नियम बदलल्याचंही सांगितलं. तुम्ही घरी असलात तरी जागा तिचीच आहे, परत या.

तिनं डोक्याचं फडकं ओढून काढलं. मग ती म्हणाली, "म्हंजी म्या न जाता बी बसली असती?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"येते," ती म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

पोरगी माझ्यावर रागावली. आयुष्यात पहिल्यांदा कुणा पोरानं माझ्याकडं इतक्या रागानं पाहिलं असेल. "कामून सांगितलं बाई? तिला आता तिथं रडू येईल." मी पदर खोचला आणि काटवट माझ्याकडं ओढली. माझ्या भाकरीला तिथल्या पिठाची सवय नव्हती, एक फाटली, एक जळली. पोरांनी निमूट खाल्ल्या. म्हातारा तेवढा म्हणाला, "लई दिस झाले, अशी करपट खाऊन."

दुसऱ्या दिवशी आई आली. स्टेशनवर मी आणि ताई गेलो होतो. उतरली, आमच्याशी दोन शब्द बोलली आणि जीपमध्ये समोर बघत बसली. घरात शिरून तिनं आधी पोरीचे हात हातात घेतले, तव्याचे चटके बोटानं चाचपले, आणि मग जी रडली ते मी पुन्हा आठवत नाही. पोरगी तिच्या पाठीवर थापटत होती, बारक्यांना थापटावं तसं. त्या दुपारी पोरगी वर्गात गेली. ते पाठीला चिकटणारं पोर तिच्यामागं रडत धावलं, मोठ्या माणसांकडं जाईना, म्हणून ती त्याला मांडीवर घेऊनच बसली. डोळे फळ्यावर आणि हात त्याच्या पाठीवर. मी मागच्या भिंतीला टेकून पाहत होते आणि मला वाटत होतं, हे मी कुठल्या रकान्यात घालू?

जूनला तिला जागा मिळाली. आईच तिला पोचवायला नांदेडला गेली, ट्रंक डोक्यावर घेऊन. मला जायला श्रावण उजाडला. निवासी शाळेतल्या मुलांचंही मूल्यमापन माझ्याकडंच होतं, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी फक्त तिच्यासाठी गेले होते.

जेवणाची वेळ होती. लांब खोलीत मुलींच्या पंगती बसलेल्या, बाहेर रिपरिप, खिडक्यांतून ओला उजेड. ती पंगतीत नव्हती. वाढणाऱ्या मावशींच्या मागं उभी होती, हातात वरणाची बादली, कुणाच्या ताटात भात पोचला नाही ते बघत. पाण्याची बाटली गळ्यात होती, त्या फलाटावरच्या मुलींसारखी. वॉर्डनबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "फार गुणाची आहे हो. सगळ्यांचं झाल्याशिवाय ताटावर बसत नाही. धाकट्या तर हिच्याशिवाय झोपत नाहीत." त्या कौतुकानं सांगत होत्या. अकरा वर्षांच्या पोरीचं असलं कौतुक मला नको होतं.

मी जाऊन तिच्या हातातली बादली काढून घेतली, मावशींना दिली, आणि तिला हाताला धरून धाकट्यांच्या ओळीत बसवलं.

"बाई, त्या कोपऱ्यातलीला अजून..."

"तिला वाढायला माणसं आहेत."

"पन ती मागत न्हाई, तिला..."

"मावशी बघतील. तू जेव."

तिच्यापुढं ताट आलं. ती त्याच्याकडं बघत राहिली, दुसऱ्या कुणाचं चुकून आपल्यापुढं आल्यासारखी. मी तिच्या शेजारी मांडी घातली, गुडघे बोंबलत होते तरी. तिनं घास घेतला आणि मान उचलून ओळ पाहिली. मी तिचं डोकं ताटाकडं वळवलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा वळवलं. मग ती जेवायला लागली, आधी सावकाश, नंतर भराभरा, आणि वरण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी तिनं ते पुसलं नाही. ताट रिकामं झाल्यावर ती माझ्याकडं वळली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, म्या अजून मागू का?"

मी म्हटलं, "माग."

तिनं हात वर केला आणि मावशींना मोठ्यानं हाक मारून भात मागितला.